भाकरी भाजता येईल असा स्टोव्ह

भावजींनी कॅम्पिंगसाठी जो स्टोव्ह सुचवला तो मुठीत मावतो. गॅसचं बुटकं डबडं, त्यावर आटे फिरवून बर्नर बसवायचा, पाय उघडायचे, झालं. "वहिनी, बघा तरी, काही मिनिटांत पाणी उकळतं!" उकळत असेल हो. पण आम्ही साताऱ्याजवळ बामणोलीकडं, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून तंबू टाकतो, तेव्हा सोबत सासूबाई असतात, आणि त्यांना रात्री भाकरीच लागते. पाकिटातल्या शेवयांवर त्यांना झोप येत नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही.

म्हणून स्टोव्ह निवडताना मी आधी तवा ठरवला. हे उलटं वाटेल, पण दुकानात सगळे ज्योत किती मोठी ते दाखवतात, ती किती पसरते ते कुणी दाखवत नाही. त्या छोट्या बर्नरची ज्योत मधोमध एकवटते. पातेल्यात पाणी असेल तर ते फिरतं, उष्णता वाटून घेतं. तव्यावर मात्र भाकरीचा मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. त्यात उंचावर बसवलेला तवा काटवटीतनं भाकरी टाकताना डुगडुगतो. शिवाय रुंद तवा उष्णता खाली फेकतो, आणि खाली काय असतं? गॅसचा डबा. हे मला अजिबात पटत नाही.

मी घेतला तो चपटा, सुटकेससारख्या खोक्यात येणारा. त्यात लांबट डबा आडवा, बाजूच्या कप्प्यात बसतो. डब्याच्या गळ्याशी एक खाच असते, ती बरोबर जागेवर आली तरच बसवायचा. कारण तशा ठेवणीतच आतली नळी वरच्या बाजूला राहते आणि बर्नरला वायू मिळतो, द्रव नाही. बहुतेकांत दाब जास्त झाला की डबा आपोआप सुटतो, हे विकत घेताना विचारून घ्यावं. इथंही तवा इतका मोठा नको की डब्याच्या कप्प्यावर झाकण होईल. माझा घरचा मोठा तवा त्यामुळं घरीच राहतो, मधला नेते.

आता वारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या कुणी शोभेला उभ्या केलेल्या नाहीत, हे तिथं चहा ठेवला की कळतं. ज्योत आडवी होते, भांड्याला लागतच नाही, आणि गॅस मात्र जात राहतो. एक लिटर पाणी उकळायला निवाऱ्यात साधारण पंधरा ग्रॅम गॅस पुरतो. वाऱ्यात त्याच्या दुप्पट गेला तरी नवल नाही. म्हणून बांधाचा आडोसा शोधायचा आणि पत्र्याचा घडीचा आडोसा बरोबर ठेवायचा. तो डब्याच्या बाजूला लावायचा नाही, ती बाजू उघडी हवी. भावजींच्या स्टोव्हला तर चारही बाजूंनी पत्रा लावायचाच नाही, डबा आतच तापतो. आणि कितीही वारा असो, स्टोव्ह तंबूत न्यायचा नाही. आग लागते हे सगळ्यांना कळतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ते झोपेत कळत नाही.

आडव्या डब्यात साधारण सव्वादोनशे ग्रॅम गॅस असतो. ज्योत पूर्ण ठेवली तर तो सव्वा-दीड तासात संपतो. आमचं रात्रीचं पिठलं, भाकरी आणि सकाळचा चहा एका डब्यात भागतो, पण दुसरा असल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. किती उरलाय ते कळायला नवा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन त्याच्यावरच मार्करनं लिहिते. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा करायचा असेल तर घरून रात्रभर भिजवून न्यावा आणि छोटा कुकर न्यावा. उघड्या पातेल्यात तो शिजवत बसलं तर डबा संपतो, घेवडा संपत नाही. कास-महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी शंभर नव्हे, पंच्याण्णव-शहाण्णव अंशांना उकळतं, त्यामुळं तिथं डाळीलाही वेळ जास्त लागतो.

थंडीची एक गोष्ट. या डब्यांत बहुधा ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या जरासा खाली गेला की वायू व्हायचंच नाकारतो. आपल्याकडं एवढी थंडी कुठं, असं वाटेल. पण वायू होताना द्रव स्वतःच गार होत जातो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे ज्योत मलूल होते. वेण्णा तलावाशी दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत तर विचारूच नका. मी डबा रात्री स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवते. चुलीजवळ शेकायला ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

चूल मात्र मला या भागात नकोच. दिवाळीनंतर गवत वाळतं, एक ठिणगी पुरे. कास पठार तर 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि वासोटा किल्ल्यावर ना मुक्काम करता येतो ना जाळ.

वडिलांचा पितळी पंपाचा स्टोव्ह अजून माळ्यावर आहे. वाऱ्याला तो बधत नसे, आवाज असा की शेजारच्यांना चहा झाल्याचं कळावं. पण रॉकेल शोधत कोण फिरणार, आणि पिन मारणंही मला जमत नाही. पाच किलोची कंपनीची टाकी मोठ्या गटाला चांगली. आमच्या गाडीत ती ठेवली तर सासूबाईंची पिशवी कुठं ठेवायची? घरगुती सिलेंडरमधून कुणी भरून देतो त्या लहान टाक्या मात्र फुकट मिळाल्या तरी नको. ते बेकायदा आहेच, शिवाय गळती झाली तर जाब कुणाला विचारणार?

भावजींचा स्टोव्ह त्यांच्याच पाठपिशवीत शोभतो. ते चालत जातात, चहा करतात, त्यांना तो योग्यच.

नणंदबाई पुण्याहून रेल्वेनं येणार आहेत, त्यांना कालच फोन केला, की येताना गॅसचे डबे आणू नका, रेल्वेत चालत नाहीत. त्यांनी विचारलं, मग काय आणू? म्हटलं, ज्वारीचं पीठ आणा, ताजं दळलेलं.