तुम्ही विचारलेत म्हणून: ऑर्केस्ट्रा सोडून बँडच का?

इतकी वर्षे विद्यार्थ्यांच्या विंड बँडमध्येच (म्हणजे मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडमध्ये) कशी काढलीत, सिम्फनी ऑर्केस्ट्राकडे का वळला नाहीत, असे मला वरचेवर विचारले जाते. विचारणाऱ्याच्या लेखी बँड ही खालची पायरी असते, हेही लपत नाही. माझे उत्तर असे की, बँडमध्ये शिकवणे आणि संचालन करणे ही कामे वेगळी काढता येत नाहीत आणि मला ती वेगळी काढायचीही नव्हती.

ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरसमोर तयार वादक बसतात. माझ्यासमोर क्लॅरिनेट हाती घेऊन जेमतेम वर्ष झालेली मुलेही असतात. यातल्या काही वाद्यांत कागदावरचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो: मी नुसते ‘सी (पाश्चात्त्य संगीतातला एक स्वर) वाजवा’ म्हटले, तर क्लॅरिनेटमधून बी फ्लॅट, आल्टो सॅक्सोफोनमधून ई फ्लॅट आणि हॉर्नमधून एफ ऐकू येतो, त्यामुळे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी, वाचताना प्रत्येक ओळ मनातल्या मनात बदलून घ्यावी लागते. ते सवयीने जमते. खरी कसोटी आवाज चढू लागला की लागते, कारण जोराने फुंकताच फ्लूटचा स्वर वर सरकतो, क्लॅरिनेटचा उतरतो आणि आतापर्यंत एकजीव असलेली ही दोन वाद्ये ऐन भरात बेसूर होतात. बॅटन, म्हणजे संचालनाची छडी, कितीही डौलात फिरवली तरी त्यावर इलाज नाही. तालीम थांबवून क्लॅरिनेटवाल्यांना ओठांची पकड ढिली पडू देऊ नका, फ्लूटवाल्यांना फुंकेचा झोत किंचित खाली वळवा, असे सांगावे लागते आणि मग तोच स्वर एकमेकांचा ऐकत पुन्हा धरायला लावावा लागतो. हे शिकवणे झाले की संचालन, ते तुम्हीच ठरवा.

बँडसाठी दर्जेदार रचना नाहीत, हा आक्षेप मला मान्य नाही. इंग्लिश संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांनी 1909 मध्येच बँडसाठी स्वतंत्र स्वीट (अनेक भागांची रचना) लिहिला होता. पुढे 1952 मध्ये कंडक्टर फ्रेडरिक फेनेल यांनी अमेरिकेतल्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये विंड एन्सेम्बल, म्हणजे फुंकवाद्यांचा वाद्यवृंद, उभा केला, तोही विद्यार्थ्यांचाच.

पगाराविषयी मात्र न बोललेले बरे.

मुले शिकून निघून जातात त्याचे वाईट वाटत नाही का, हा पुढचा प्रश्न. वाटते, त्यातही ओबो या फुंकवाद्याचा चांगला वादक गेला की जास्तच. कारण नवा तयार व्हायला काही वर्षे लागतात आणि तोवर ओबोचे काम दुसऱ्या वाद्याच्या कागदावर बारीक टायपात छापलेल्या ओबोच्या ओळींवर भागवावे लागते.