पाय धुण्याचं काम

पवित्र गुरुवार, रात्री

आज संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पाय धुण्याचा विधी झाला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या विधीसाठी पूर्वी नियमाने फक्त पुरुष निवडायचे. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांनाही निवडता येऊ लागलं. त्यांनी स्वतः २०१३ मध्ये, पोप झाल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी, रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले होते, त्यात मुलीही होत्या.

चर्चमध्ये ज्यांचे पाय धुतले जातात ते घरून पाय स्वच्छ करूनच येतात. येशूच्या पुढ्यात होते ते धुळीने माखलेले पाय, आणि ते धुणं हे दासाचं काम. बायबलमध्ये लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद चालला होता. आणि येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा तेव्हा उठून गेलेला नव्हता. त्याचेही पाय धुतले गेले.

घरात मधुमेह असलेलं म्हातारं माणूस असेल तर हे काम वर्षभर असतं. पाणी कोमटच हवं, आणि ते आपल्या कोपराने पाहायचं. त्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही. पाय फार वेळ भिजत ठेवायचे नाहीत, कातडी मऊ पडून फाटते. सौम्य साबण, मऊ फडकं. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपून कोरड्या करायच्या. ओल राहिली की चिखल्या होतात आणि तिथून जखम चिघळते. भेगांना क्रीम लावा, पण बेचक्यांत नको. तळवा उजेडात नीट पाहायचा; लाल डाग, फोड, छोटीशी जखम दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायची. हे करताना फोन बाजूला ठेवावा आणि खाली बसावं. वरून वाकून, घाईने केलं की समोरच्याला आपण ओझं झालोय असं वाटतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

आजाऱ्याला भेटायला जाण्याचंही तसंच. आधी विचारून जावं, शक्यतो दोघांनी. पंधरा-वीस मिनिटं पुरे. पलंगावर बसू नये, खुर्ची ओढून घ्यावी. दुसऱ्या कुणाचा आजार कसा बरा झाला ते सांगू नये. ‘प्रार्थना करू का?’ असं विचारावं, आणि हो म्हटलं तर त्यांचं नाव घेऊन चार वाक्यांत करावी. प्रार्थनेच्या आडून उपदेश तर मुळीच करू नये, तो लगेच ओळखू येतो. मदतीचं पाकीट द्यायचं असेल तर घरच्या एकाच्या हातात, इतरांसमोर नाही. फोटो अजिबात नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका असं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आहे, तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला वेगळी सवलत दिलेली नाही.

भांडणाच्या बाबतीत मत्तय अठरामध्ये पायऱ्याच दिल्या आहेत: आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, सांगणं त्यानंतर. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात करतो. सगळ्या गावाला माहीत, फक्त ज्याच्याशी वाद त्याच्याशीच बोललेलं नसतं. आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. काय केलं ते नेमकं म्हणावं, ‘पण’ न जोडता.

पेत्र या शिष्याची गोष्ट मात्र मला दरवर्षी नव्याने पटते. तो पाय पुढे करायलाच तयार नव्हता. सेवा करणारी कितीतरी भली माणसं इथेच अडतात: स्वतः आजारी पडली की कुणाला येऊ देत नाहीत, डबा आला की संकोचतात, आणि रिकामा परत कसा द्यायचा म्हणून तापात उठून शिरा करायला लागतात. येऊ द्यावं. जेवावं, आणि डबा नुसता धुऊन परत द्यावा.