तुम्ही विचारलंत म्हणून: श्वास सोडायला सोपं मशीन कोणतं?

"स्लीप ॲप्नियाचं मशीन घ्यायचंय. श्वास सोडताना कोंडल्यासारखं होणार नाही असं एखादं सांगा." प्रश्न नेहमी असाच येतो आणि उत्तरात फक्त कंपनीचं नाव हवं असतं. नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. मग महिन्याभरात मशीन माळ्यावर जातं आणि "तुम्हीच सांगितलं होतंत" हे ऐकावं लागतं. म्हणून एकदाच, सविस्तर. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकणं; हे मशीन (सीपॅप) मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं.

श्वास सोडताना दाब उतरवण्याची सोय आता बहुतेक चांगल्या मशीनमध्ये असते. रेसमेड कंपनी तिला ईपीआर म्हणते, फिलिप्स फ्लेक्स, बीएमसी रेसलेक्स. तिन्हींत १ ते ३ अशा पायऱ्या. आकडे सारखे असले तरी काम सारखं नाही. ईपीआर ३ म्हणजे श्वास सोडताना दाब ३ सेंमीने (दाब पाण्याच्या सेंमीत मोजतात) खाली येतो. फिलिप्सच्या सी-फ्लेक्सच्या (फ्लेक्सचा साधा प्रकार) ३ चा सेंमीशी थेट संबंध नाही. तिथे तुम्ही जितक्या जोरात श्वास सोडाल तितका सुरुवातीला दाब उतरतो आणि श्वास पुरता सुटायच्या आत परत चढतो. संथ, लांब श्वास सोडणाऱ्याला हा चढ मधेच टोचू शकतो. कुणाला तो जाणवतही नाही. हे मास्क लावून आडवं झाल्याशिवाय कळत नाही, माहितीपत्रक वाचून तर नाहीच.

(स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं जुनं, पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन (फिलिप्सचं मशीन) घेणार असाल तर थांबा. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात, म्हणून फिलिप्सने जून २०२१ मध्ये ती परत मागवली होती. दुरुस्तीचा पुरावा नसेल तर नको.)

आता त्या "कोंडल्यासारखं" बद्दल. निम्म्या तक्रारींत श्वास सोडण्याचा दोष नसतोच. ऑटो मशीन (गरजेनुसार दाब स्वतःच बदलणारं) कारखान्यातून आलं तसं ४ ते २० वर ठेवून घरी दिलेलं असतं. सोडलेली हवा मास्कच्या बारीक भोकांतून बाहेर जाते, आणि ती बाहेर ढकलायला दाब लागतो. ४ वर झोत इतका मंद असतो की सोडलेल्या हवेतली थोडी परत आत घेतली जाते आणि जीव घुसमटतो. माणूस म्हणतो, प्रेशर सहन होत नाही, कमी करा. उपाय उलटा असतो: किमान दाब ६ किंवा ७ करा. हे सांगितलं की लोक संशयाने बघतात. शिवाय ४ च्या खाली मशीन जातच नाही, त्यामुळे दाब ५ असताना ईपीआर ३ लावलं तरी उतार मिळतो १ चाच. रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याची सोय) ४ पासून ४५ मिनिटांचा ठेवला असेल, तर झोप लागेपर्यंत ही घुसमट तुम्ही विकतच घेतली.

पण खरं नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. समजा, स्लीप लॅबमध्ये ईपीआर बंद ठेवून तपासलं आणि तुमचा घसा १० वर उघडा राहिला. घरी दोन-तीन रात्री झोप नाही. मग कुणीतरी मेनूत जाऊन ईपीआर ३ करून देतं. काय आराम! श्वास घेताना १०, सोडताना ७. पडल्या पडल्या डोळा लागतो, मास्क सात तास तोंडावर राहतो. मात्र घसा मिटतो तो बहुतेकदा श्वास सोडून झाल्यावर, आतून हवेचा रेटा नसताना. नेमका त्याच क्षणी त्याला धरून ठेवणारा दाब तुम्ही १० वरून ७ वर आणलेला असतो. घोरणं परत येतं, सकाळी डोकं जड. आणि ॲप म्हणतं, शाब्बास! रेसमेडच्या मायएअरमध्ये १०० पैकी ७० गुण नुसत्या वापराच्या तासांना असतात, श्वास अडकण्याच्या मोजणीला ५. गुण बघू नका, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकला किंवा उथळ झाला तो आकडा) बघा. तो ५ च्या खाली हवा. उतार दिल्यावर वाढला असेल तर वरचा दाब वाढवावा लागतो: १० चा १२ किंवा १३. मग गळती वाढते, पोटात हवा भरते, ढेकर येतात. मशीन ऑटो आहे, आपोआप वाढवेल, हे अर्धसत्य. ते वाढवतं, पण श्वास अडकायला लागल्यावर. किमान दाब उचलून ठेवला तर ती वेळच येत नाही. हा बदल डॉक्टरांना विचारून करा, कारण अहवालात "क्लिअर एअरवे" या सदरातले आकडे वाढत असतील, तर घसा उघडा असूनही श्वास थांबतोय. तिथे दाब वाढवल्याने ते आणखी बिघडू शकतं. काहींना तर उताराने श्वास जास्त खोल होऊन कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि असे थांबे त्यातूनच येतात.

मग ईपीआर बंदच ठेवायचं? असं मी म्हणत नाही. १ पासून सुरू करा, आठवडाभराचा अहवाल बघा, मग २. उतार दिल्याने लोक मशीन जास्त तास वापरतात असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, हेही खरं. तरीही ज्याला त्याने झोप लागते त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मशीन बदलण्याआधी मास्क बघा. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या मास्कच्या भोकांत क्षार बसतात, जाळी असेल तर लवकर. पांघरूण डोक्यावरून घेणाऱ्यांची भोकं झाकली जातात. मेनूत मास्कचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो: लावलाय फुलफेस (नाक-तोंड झाकणारा), मेनूत पिलोज (नाकपुड्यांना लागणारा). बारीक नळी लावून सेटिंग साध्या नळीचं. दोन्हींमुळे मशीनचा हिशेब चुकतो. आणि नाक! चोंदलेल्या नाकातून सोडलेला श्वास कुठलंही मशीन सोपा करत नाही. ह्युमिडिफायर चालू ठेवा; पावसाळ्यात मुंबई-कोकणात कमीवर, एसीच्या खोलीत नळीत पाणी साठतंय का ते बघत.

राहिलं बायपॅप, श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन. ३ पेक्षा जास्त उतार हवा असेल तर तेच, म्हणजे घेताना १४ आणि सोडताना १० असं काही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००८ च्या मार्गदर्शिकेनुसार सीपॅप १५ वर नेऊनही श्वास अडकत असेल, किंवा तो दाब सोसतच नसेल, तर त्याकडे वळता येतं. "सोसत नाही" म्हणजे किती, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद होतात. ८-९ दाबाच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बायपॅप विकणारे मला पटत नाहीत. पण सगळं करून पाहिलेल्या माणसाला आणखी महिनाभर "सवय होईल" म्हणणारेही पटत नाहीत. त्यामुळे आधी भाड्याने घ्या, निदान दोन आठवडे. अहवाल आडकाठीचे (घसा मिटून होणारे) आणि क्लिअर एअरवेचे थांबे वेगवेगळे दाखवतो ना, आणि उतार बदलायला दर वेळी विक्रेत्याची वाट बघावी लागणार नाही ना, एवढं पैसे देण्याआधी विचारा.