रावेन्नातला दिवा
आज इटलीतल्या रावेन्नाला महाकवी दान्तेच्या समाधीपाशी जाऊन आले. मला वाटलेलं मोठं काहीतरी असेल, पण गल्लीच्या टोकाला छोटीशी घुमटीवजा इमारत, आत चार माणसांत गर्दी वाटेल एवढी जागा आणि वर टांगलेला एक तेलाचा दिवा. त्या दिव्यापाशीच मी अडकले, कारण त्यातलं तेल दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सहून येतं, म्हणजे ज्या जन्मगावाने १३०२ मध्ये दान्तेला हाकललं, हाती लागलास तर जिवंत जाळू म्हणून शिक्षा सुनावली, तेच गाव आता तेल पाठवतं! तो काही परत गेला नाही, 'डिव्हाइन कॉमेडी' हे महाकाव्य त्या वनवासातच पूर्ण केलं आणि १३२१ ला इथेच वारला. पुढे दोनेकशे वर्षांनी फ्लॉरेन्सवाले पोपची परवानगी घेऊन अस्थी न्यायला आले तर कबर रिकामी, इथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या लपवलेल्या, आणि सापडल्या कधी तर थेट १८६५ ला. किती जीव लावला या लोकांनी त्याला!
फ्लॉरेन्समधल्या सांता क्रोचे चर्चमधली त्याची भव्य कबर आजही रिकामीच आहे. परवा तिच्यासमोर हौसेने फोटो काढलेले. आज मोबाईल बाहेर काढावासाच वाटला नाही, नुसती दिव्याकडे बघत उभी राहिले, बाहेर पाऊस लागलेला.