तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रॅहम टेलरच का?

इंग्लिश फुटबॉलवर गप्पा रंगल्या की मला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. फर्ग्युसन नाही, क्लफ नाही, वेंगर नाही, आणि तुमचा आवडता मॅनेजर ग्रॅहम टेलर? ज्याच्या हाताखाली इंग्लंड १९९४च्या वर्ल्ड कपला पोचलंसुद्धा नाही, तो? विचारणाऱ्यांत आता तरुण मुलंही असतात. त्यांनी त्याचं नाव फसलेल्या मॅनेजरांच्या यादीतच वाचलेलं असतं. आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्यांत उत्तर देत आलो, आज सलग देतो.

टेलरची कारकीर्द इंग्लंडच्या नोकरीपासून मोजायला घेतली तर ती कळायचीच नाही. ती ग्रिम्झबीपासून मोजावी लागते.

जन्म १९४४चा, वर्कसॉपचा, वाढला स्कंथॉर्पला. वडील तिथल्या सायंदैनिकात क्रीडा वार्ताहर. ग्रामर स्कूल अर्ध्यावर सोडून तो ग्रिम्झबी टाउनकडून खेळायला लागला, १९६८ पर्यंत तिथे होता, मग लिंकन सिटीकडे गेला. फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू म्हणून खेळायचा. पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे प्रीमियर लीग येण्याआधीच्या सर्वांत वरच्या पातळीवर, तो खेळाडू म्हणून एकही सामना खेळला नाही. कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने १९७२ मध्ये खेळणं थांबलं, पण तोवर त्याने पुढची तयारी केलेली होती. सत्ताविसाव्या वर्षी त्याने एफएची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, कोचिंगची पात्रता मिळवली होती. तोवर इतक्या लहान वयात ती कुणी मिळवली नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये लिंकनने त्याला मॅनेजर केलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्या काळची चौथी डिव्हिजन म्हणजे काय होती, हे इथे सांगायलाच हवं. फुटबॉल लीगमध्ये ब्याण्णव क्लब, चार डिव्हिजन. चौथीच्या तळाशी राहिलेल्या चार क्लबांना दर वर्षी बाकीच्यांकडे मतं मागावी लागत, लीगमध्ये ठेवून घ्या म्हणून. टीव्हीचा पैसा या क्लबांपर्यंत पोचतच नव्हता. शनिवारी दारावर किती तिकिटं खपली त्यावर घर चालायचं. गाव रुसलं तर क्लब संपला. टेलरने हे खेळाडू म्हणून दहा वर्षं पाहिलं होतं, आणि माझ्या मते त्याचं पुढचं सगळं शहाणपण तिथून आलं. लिंकनला तो आपल्या खेळाडूंना गावातल्या कारखान्यांत घेऊन जायचा. आपल्याला बघायला येणारा माणूस आठवडाभर काय काम करतो आणि तिकिटाचा पैसा कुठून आणतो, हे त्यांनी स्वतः पाहावं म्हणून. मी कोल्हापूरचा. जिथे संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा निकाल चार दिवस गल्लीत चघळला जातो, तिथे वाढलेल्या माणसाला यातलं मोल लगेच कळतं.

मैदानावरही लिंकन पेटलं. १९७५ मध्ये त्यांचं प्रमोशन, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाणं, केवळ गोलांच्या सरासरीवर हुकलं. पुढच्या मोसमात त्यांनी शेहेचाळीस सामन्यांत ३२ विजय, १११ गोल आणि ७४ गुण मिळवले. विजयाला दोन गुण असण्याच्या सगळ्या काळात इतके गुण कुणालाच मिळाले नाहीत.

१९७७ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनसारखा पहिल्या डिव्हिजनमधला क्लब त्याच्याशी बोलत होता. तो गेला वॉटफर्डला. पुन्हा चौथी डिव्हिजन! अध्यक्ष होता गायक एल्टन जॉन. लहानपणी वडिलांबरोबर विकरेज रोडवर, वॉटफर्डच्या मैदानावर, सामने बघितलेला, क्लबवर मनापासून जीव असलेला माणूस. त्याला क्लब थेट वर न्यायचा होता, युरोपात खेळवायचा होता. लोकांना ते एका पॉपस्टारचं खूळ वाटलं. टेलरने ते गंभीरपणे घेतलं. ही जोडी मला फार मोलाची वाटते. एल्टन जॉनला कुणी 'नाही' म्हणायला धजत नव्हतं अशा काळात टेलर त्याच्या पिण्याबद्दल त्याला तोंडावर बोलला, आणि एल्टनने त्याबद्दल पुढे आयुष्यभर कृतज्ञतेनेच सांगितलं. आर्सेनलला १९७१ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून देणारे बर्टी मी टेलरचे सहायक म्हणून आले. इतक्या मोठ्या माणसाला आपल्या हाताखाली बोलवायला मन मोठं लागतं, आणि यायलाही.

पुढची पाच वर्षं अशी: १९७८ मध्ये चौथी डिव्हिजन जिंकली, १९७९ मध्ये तिसरीतून वर, १९८२ मध्ये दुसरीतून वर. मध्येच, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना, ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवलं. दोन्ही गोल ल्यूथर ब्लिसेटचे. पुढे त्याच कपच्या दोन सामन्यांच्या लढतीत साउदॅम्प्टनमध्ये पहिला सामना ०-४ हरल्यावर घरी ७-१ जिंकून त्यांनाच बाहेर काढलं. आणि पहिल्या डिव्हिजनमधल्या पहिल्याच मोसमात, १९८२-८३ मध्ये, वॉटफर्ड दुसरं आलं. पुढे फक्त लिव्हरपूल. ब्लिसेटचे २७ गोल, अख्ख्या डिव्हिजनमध्ये सर्वाधिक.

इथे हमखास आक्षेप येतो: हे लोक नुसते चेंडू लांब भिरकवायचे. तेव्हाचे जाणकारही हेच म्हणत, आणि मला ते तेव्हाच्या जाणकारांचं अपुरं बघणं वाटतं. पद्धत विचारपूर्वक बांधलेली होती. दोन्ही बाजूंना खरे विंगर, डावीकडे जॉन बार्न्स आणि उजवीकडे नायजेल कॅलहॅन. पुढे उंच रॉस जेंकिन्स आणि वेगवान ब्लिसेट. चेंडू लवकर पुढे जायचा, आणि गमावला तर सगळे मिळून प्रतिस्पर्ध्याच्याच अर्ध्यात त्याच्यावर तुटून पडायचे. त्यासाठी लागणारा दम टेलरने त्यांच्याकडून घोटून घेतला होता. समोरच्याला त्याच्या गोलसमोर श्वास घेऊ न देणं याला आज प्रेसिंग म्हणतात आणि त्याबद्दल मॅनेजरांना डोक्यावर घेतात.

आणि बार्न्स! एका टॅक्सीवाल्या चाहत्याने सांगितलं म्हणून क्लबने सडबरी कोर्ट नावाच्या छोट्या संघात त्याला जाऊन पाहिलं. बदल्यात त्या संघाला खेळाडूंच्या कपड्यांचा एक संच दिला. कृष्णवर्णीय खेळाडूंवर इंग्लंडच्या मैदानांत केळी फेकली जात, तेव्हा टेलरच्या संघाच्या मध्यभागी ब्लिसेट आणि बार्न्स होते. १९८२ च्या डिसेंबरात लक्झेंबर्गविरुद्ध ब्लिसेटने हॅटट्रिक केली. इंग्लंडकडून हॅटट्रिक करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

लिंकनचा धडा वॉटफर्डला आणखी पुढे गेला. शाळा, इस्पितळं, वस्त्यांमध्ये जाणं खेळाडूंच्या करारातच लिहिलेलं असे. फुटबॉल म्हणजे मारामारी असं समीकरण झालेल्या वर्षांत विकरेज रोडवर कुटुंबांसाठी वेगळी जागा राखली गेली, म्हणजे आई-बाप लेकरांना घेऊन निर्धास्त येतील. १९८४ च्या एफए कप फायनलला हे सगळं गाव वेम्बलीला गेलं. एव्हर्टनने २-० हरवलं. एल्टन जॉन स्टॅण्डमध्ये रडला.

ॲस्टन व्हिलाचं थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये गेला, वर्षात क्लब वर आणला, १९९० मध्ये लीगमध्ये दुसरा आला. मग इंग्लंड.

ती तीन वर्षं मी झाकत नाही. निवडीत धरसोड झाली. १९९२ च्या युरोत स्वीडनविरुद्ध कर्णधार लिनेकरला बाहेर बोलावणं मला आजही पटत नाही. मिडफिल्डर गॅस्कॉइनची दुखापत, रॉटरडॅमला नेदरलँड्सच्या कूमनला न दिलेलं लाल कार्ड, हेही खरं. पण नुसत्या दुर्दैवावर बोट ठेवून चालणार नाही. तरी एका माणसाचं डोकं सलगमच्या कंदावर चिकटवून वर्तमानपत्रात छापणं ही टीका नव्हे. हे ज्याच्या वाट्याला आलं त्याच्या वडिलांनी आयुष्य वर्तमानपत्रात काढलं होतं. आणि याच काळात, इंग्लंडच्या एका सामन्यात, बार्न्सला वंशावरून शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाकडे हा माणूस वळला. सामना चालू होता, नोकरी टांगणीला होती. तू एका माणसाबद्दल बोलतोयस, असं त्याने त्याला ठणकावलं. कॅमेऱ्याने ते टिपलं. टेलरच्या तीन वर्षांतलं दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन.

१९९३ च्या नोव्हेंबरात राजीनामा. मग वुल्व्ह्‌ज, आणि १९९६ मध्ये पुन्हा वॉटफर्ड. क्लब तोवर घसरला होता, त्याच मोसमात तिसऱ्या पातळीवर गेला. इंग्लंडचा मॅनेजर राहिलेला माणूस तिथे परत शून्यापासून कामाला लागला. १९९८ मध्ये ती पातळी जिंकली, १९९९ मध्ये वेम्बलीवर, वर जाण्यासाठीच्या प्लेऑफ फायनलमध्ये, बोल्टनला २-० हरवून प्रीमियर लीग. निक राइटची ती कैची किक अवश्य बघा. पुढच्या मोसमात अवघ्या २४ गुणांसह तळाशी राहून खाली गेले, तरी टेलर लगेच निघून गेला नाही, आणखी एक मोसम थांबला. २००९ मध्ये क्लब पैशांच्या अडचणीत आला तेव्हा पासष्टीतला टेलर अध्यक्ष झाला. १२ जानेवारी २०१७ ला तो गेला. त्याआधीच, २०१४ मध्ये, विकरेज रोडवरच्या एका स्टॅण्डला त्याचं नाव दिलेलं होतं.

पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: त्याने इंग्लंडची नोकरी घ्यायलाच नको होती का? मला वाटतं, घ्यायलाच हवी होती. ग्रिम्झबीचा फुल-बॅक त्या खुर्चीपर्यंत पोचू शकतो हे एकदा घडणं गरजेचं होतं. वाट आजही सोपी झालेली नाही. शॉन डायश बर्नलीला २०१४ मध्ये वर घेऊन आला, एडी हाऊ बोर्नमथला २०१५ मध्ये, ख्रिस वाइल्डर शेफील्ड युनायटेडला २०१९ मध्ये. यांना प्रीमियर लीगने बोलावून घेतलं नाही. तिथे पोचायला त्यांना आधी आपला अख्खा क्लब वर आणावा लागला. त्यातल्या हाऊची गोष्ट तर पैशांच्या अडचणींमुळे लीगने सतरा गुण कापलेल्या क्लबपासून सुरू होते, चौथ्या पातळीच्या तळाजवळून, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तीही विचारा कधीतरी.