चाफ्याचा शेंडा

सोनचाफ्याचं हातभर कलम विकत घेताना हमखास विचारलं जातं, ‘हे केवढं होणार?’ उत्तरासाठी आधी पाहायचं, फूल फांदीवर कुठे लागतं.

सोनचाफ्याची कळी पानाच्या बेचक्यात येते. शेंडा मोकळाच राहतो आणि वर वर जात राहतो. रानात हा वृक्ष ३० मीटरही गाठतो. लाकूडही चांगलं इमारती. कवठी चाफ्याचं उलट. त्याची कळी फांदीच्या टोकावर बसते, म्हणजे फूल आलं की ती फांदी तिथेच संपली. पुढची फूट बाजूच्या डोळ्यातून. अशी वळणं घेत तो पसरतो आणि दोन-तीन मीटरांचं झुडूप होऊन राहतो. दोघेही मॅग्नोलिया या एकाच वनस्पती-कुटुंबातले. पांढरा चाफा मात्र नावापुरताच भाऊ. फांदी मोडा, चीक येईल. मॅग्नोलियाच्या कोवळ्या फांदीवर दर पानापाशी बांगडीसारखा वळ दिसतो, पानाच्या कळीवरचं टोपण गळल्याची ती खूण.

म्हणून कात्री दोघांना सारखी चालवू नये. सोनचाफ्याचा शेंडा कमरेच्या उंचीला खुडला, की बाजूला तीन-चार फांद्या फुटतात आणि त्यांच्या बेचक्यांत फुलं. पुढेही दर बहरानंतर वीतभर छाटत राहावं. पाच वर्षं विसरून मग जाड खोड करवतीनं कापणं वाईट. ती जखम लवकर भरत नाही. कवठी चाफ्याची टोकं छाटणं म्हणजे कळ्याच छाटणं! त्याच्या वाळक्या काड्या तेवढ्या काढाव्यात.

बियांच्या सोनचाफ्याला फुलायला सात-आठ वर्षंही लागतात. कलमाची डोळकाडी, म्हणजे खुंटावर (मुळं असलेल्या खालच्या रोपावर) जोडलेली काडी, फुलत्या झाडाचीच असते, त्यामुळे ते वर्षा-दोन वर्षांत फुलतं. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवावा. कुंडी दीड फुटी, तळाला निचरा हवाच. मांसल मुळं साचल्या पाण्यात कुजतात आणि पानं पिवळी पडतात. तीच मुळं दुखावली तर झाड रुसतं, म्हणून एकदा लावलेलं उपटून हलवू नये.

झाड जोमात, पानं तजेलदार, पण फूल नाही? सांध्याखाली पाहा. खुंटाला फुटलेला धुमारा बहुधा वरच्या कलमाला मागे टाकून गेलेला असतो. कोवळा असेल तर तो कात्रीनं न कापता बुडापासून ओरबाडून काढावा. कापला तर राहिलेल्या डोळ्यांतून दोन उगवतात.