हा बाण इथे का?

लग्न असो, बारसं असो, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर असो. ऑर्गनायझेशनल बिहेविअरमध्ये पीएचडी केली असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे कंपनीत माणसं कशी वागतात तेच ना? मग एवढ्या थिअऱ्या वाचून माणसं कळतात का हो?" आत्याने तर विचारलंही नाही. "लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं काढली, एका नळावर बारा बिऱ्हाडं. माणसं ओळखायला आम्हाला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही," एवढं बोलून तिने माझ्या पानात आणखी एक जिलबी टाकली.

नाही कळत. हे आधीच सांगून टाकते. उलट पीएचडीला गेले तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये माझी आठ वर्षं झाली होती आणि माणसं आपल्याला कळतात याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कोण राजीनामा देणार, कोण नुसती धमकी देतोय, हे चेहऱ्यावरून सांगायचे मी. निम्म्या वेळा चुकायचे, पण चुकलेलं कोण लक्षात ठेवतं?

पहिलं वर्ष कोर्सवर्कचं. दर गुरुवारी दुपारी अडीचला सेमिनार, आम्ही चौघं आणि सर. आठवड्याला सहा-सात पेपर वाचून जायचं. एमबीएला जे घोकलं होतं ते तिथे एकेक करून सुटत गेलं. माणसाच्या गरजा पायरीपायरीने दाखवणारा मॅस्लोचा पिरॅमिड मी शेकडो सुपरवायझरना ट्रेनिंगमध्ये दाखवला होता. त्याचा १९४३चा मूळ पेपर उघडला तर त्यात पिरॅमिडच नाही! तो नंतर इतरांनी काढलाय. गरजांचा क्रम काही दगडावर कोरलेला नाही, हे मॅस्लो स्वतःच सांगतो. ते मात्र कुठल्याच स्लाईडवर येत नाही.

कोर्सवर्कच्या शेवटी संशोधनाचा आराखडा मांडायचा होता. मी फळ्यावर झोकात तीन चौकोन काढले. 'वेतनातली तफावत', मग बाण, 'अन्यायाची भावना', मग बाण, 'नोकरी सोडण्याचा विचार'. सर उठले आणि पहिल्या बाणावर बोट ठेवून उभे राहिले.

"हा बाण इथे का?"

"सर, अ‍ॅडम्सची इक्विटी थिअरी."

"ते नाव झालं. बाण का?"

"आधीच्या अभ्यासांत दिसलंय, सर."

"ते निरीक्षण झालं. का?"

मी गप्प. सरांनी बोट काढलं तेव्हा बाणाचं टोक पुसलं गेलं होतं. पुढच्या गुरुवारसाठी त्यांनी सटन आणि स्टॉ यांचा १९९५चा लेख दिला, थिअरी काय नसते यावरचा. संदर्भांची यादी म्हणजे थिअरी नाही, आकडेवारी नाही, संकल्पनांची यादी नाही, आकृती नाही आणि गृहीतकंही नाहीत, असं ते दोघं म्हणतात. माझ्या मांडणीत नेमक्या याच पाच गोष्टी होत्या. सहावी काहीच नव्हती.

अ‍ॅडम्सचं म्हणणं तसं सोपं आहे. साठच्या दशकात त्याने मांडलं की माणूस आपण कामात काय ओततो आणि आपल्याला काय मिळतं याचा हिशेब दुसऱ्याच्या हिशेबाशी ताडून पाहतो. बसला नाही की अस्वस्थ होतो. पण हा 'दुसरा' कोण? ते त्याने बरंचसं मोकळं सोडलंय. मी ते गृहीत धरून टाकलं होतं. एकाच लाईनवर, तेच बोल्ट आवळणारे पर्मनंट आणि कंत्राटी, पगारात दुपटीहून जास्त फरक. मग कंत्राटी पोरगा आणखी कुणाकडे बघणार?

फील्डवर्कला दुसऱ्या एका कारखान्यात गेले. कँटीनमागच्या शेडमध्ये, चहाच्या सुट्टीत, हिंगोलीकडचा एक तेवीस वर्षांचा मुलगा समोर बसला होता. मी फिरवून फिरवून तेच विचारत होते, पर्मनंटवाल्यांचा राग येतो का? तो म्हणाला, "त्यांचं कशाला मॅडम, ते आमच्या काकांच्या वयाचे. त्यांचं वेगळं." मग कशाचा येतो? त्याने पाय पुढे केला. सेफ्टी शूजचा तळ पुढून उघडला होता, आत प्लास्टिकची पिशवी. "त्या दुसऱ्या ठेकेदाराच्या पोरांना दिवाळीआधी नवे बूट भेटले. आम्हाला नाही."

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत बूट आले. पगाराबद्दल खोदून विचारलं तरी फिरून बुटांवर. एचआरमध्ये असताना अशाच बुटांच्या एका तक्रारीवर मी 'किरकोळ' असा शेरा मारून फाईल पुढे ढकलली होती, हे तेव्हा आठवलं.

मोठा शोध लागल्याच्या थाटात सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे १९४९चं 'द अमेरिकन सोल्जर' हे पुस्तक काढलं. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांचा प्रचंड अभ्यास केला. लष्करी पोलिसांत बढती जवळजवळ मिळायचीच नाही, हवाई दलात भराभर मिळायची. तरी बढतीबद्दल कुरकुर जास्त कुठे? हवाई दलात. कारण तिथे शेजारच्या खाटेवरचा सार्जंट झालेला दिसत होता. लष्करी पोलीस हवाई दलाकडे बघतच नव्हते, ते एकमेकांकडे बघत होते. माझं हिंगोलीचं पोर आणि त्याचे बूट माझ्या जन्माआधीच तिथे येऊन बसले होते. वाईट वाटलं. पण बाणाचं 'का' मिळालं, आणि आराखडा पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

"हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय उपयोग?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. बरंचसं अमेरिकेतलं आहेच. पण एक गंमत सांगते. लिऑन फेस्टिंगरचा १९५७चा कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत, म्हणजे मनात दोन विसंगत गोष्टी राहिल्या की माणूस धडपडून त्यांचा मेळ घालतो हा, सुचला बिहारमुळे. १५ जानेवारी १९३४च्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या होत्या. जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथले लोक याहून भयंकर संकट येणार अशा अफवा पसरवत होते. वाचलेली माणसं स्वतःला आणखी का घाबरवतील? फेस्टिंगर तिथे अडला. मग त्याला वाटलं, भीती आधीच होती, अफवेने तिला फक्त कारण पुरवलं.

हे वाचून मी भारावले आणि लगेच वापरायला निघाले. माझ्या फील्डवर्कच्या कारखान्यात 'प्लांट गुजरातला जाणार' ही कुजबुज सर्वांत जास्त पर्मनंट कामगारांत होती, ज्यांची नोकरी सुरक्षित होती त्यांच्यात! प्रकरणाचा मसुदा झाला. सरांनी समासात एकच ओळ लिहिली: "त्यांना खरंच काही माहीत असेल तर?" चौकशी केली. टूल-रूममधल्या दोघांनी दोन डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचे साचे, पॅक होऊन बाहेर जाताना पाहिल्या होत्या. डाय कुठे गेल्या ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, पण कुजबुज हवेतून आलेली नव्हती. कामगार बोलला की ती भावना आणि मॅनेजर बोलला की ती माहिती, ही आमच्या विषयाची जुनी खोड आहे. ते प्रकरण मी काढून टाकलं.

"मी नोकरी सोडून पीएचडीला जाऊ का?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की डोक्यात सलणारी एक गोष्ट घेऊन जा. विषयावर प्रेम वगैरे पुरत नाही, ते दुसऱ्या वर्षी आटतं. आणि स्टायपेंडवर घर चालतं का ते घरच्यांशी बोलून घ्या.

आता मी शिकवते. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथचा १९५९चा प्रयोग माझा सर्वांत आवडता तास. तासभर रिळं रचायचं आणि खुंट्या फिरवायचं कंटाळवाणं काम करून 'मजा आली' असं पुढच्याला खोटं सांगायचं. त्यासाठी ज्यांना एकच डॉलर मिळाला त्यांनाच ते काम नंतर खरोखर बरं वाटू लागलं, वीस डॉलरवाल्यांना नाही. वीस डॉलर हे खोटं बोलायला पुरेसं कारण होतं, एक डॉलर नव्हतं, म्हणून मतच बदललं. वर्ग हमखास हसतो. २०२४ साली ३९ प्रयोगशाळांनी मिळून याच जातीचा एक प्रयोग पुन्हा केला. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांची मतं थोडी सरकली. पण लिहायचं की नाही हे ज्यांच्यावर सोडलं होतं आणि ज्यांना सरळ लिहायला सांगितलं होतं, त्यांच्यात सिद्धांत म्हणतो तसा फरक दिसला नाही.

तो पेपर मी दोनदा वाचलाय. तास पुढच्या गुरुवारी आहे. स्लाईड अजून जुनीच आहे, आणि ती का बदलवत नाही याला माझ्याकडे जे एकमेव चांगलं स्पष्टीकरण आहे, ते फेस्टिंगरचंच आहे.